बावचीचं अर्धं औषध उन्हात असतं

माझी एक मामेबहीण साताऱ्याला असते. तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या मनगटाच्या वर एक पांढरा डाग आला, कोडाचा. वर्षभरात तो कोपराकडे सरकला, दोन बोटांची टोकंही पांढरी झाली. घरात कुजबूज सुरू झाली आणि कुजबुजीबरोबर सल्लेही आले. त्यातला एक होता, बावचीच्या बियांचं तेल लाव आणि उन्हात बस. एप्रिलचे दिवस. ताई दुपारी बाराला तेल चोळून गच्चीवर अर्धा तास बसली. संध्याकाळपर्यंत काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी हात जरासा गुलाबी दिसला, पण आग नाही, दुखत नाही. म्हणजे औषध मानवलं, असं समजून ती पुन्हा बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी हातावर लिंबाएवढे फोड होते.

तेलात भेसळ असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मला मात्र वाटतं तेल अस्सल होतं, आणि म्हणूनच हात भाजला. बावचीत जे आहे ते नुसतं लावून किंवा नुसतं खाऊन काम करत नाही. त्याला उजेड लागतो. आणि औषध जसं मोजून घ्यायचं असतं, तसाच हा उजेडही मोजून घ्यायचा असतो. एवढी एक गोष्ट कुणी तिला समजावून सांगितली असती तर ते चार आठवडे तिला हात गुंडाळून काढावे लागले नसते. म्हणून हे सगळं जरा सविस्तर सांगतो.

उजेडाने पदार्थ बदलतात हे आपल्याला घरातच माहीत असतं. पांढऱ्या साडीवर वरण सांडलं की हळदीचा पिवळा डाग पडतो. साबण लावला की तो लालसर होतो, घासून जात नाही. मग आई ती साडी कडक उन्हात वाळत घालते आणि संध्याकाळपर्यंत डाग फिका होऊन जातो. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. त्याचा रेणू उजेडातला निळा भाग शोषून घेतो. शोषलं म्हणजे ऊर्जा आत आली. आता ती कुठेतरी टाकायला हवी. रेणू ती उष्णता म्हणून सोडून देऊ शकतो, पुन्हा उजेड म्हणून बाहेर फेकू शकतो, नाहीतर तिच्यामुळे स्वतःच मोडतो. साडीवरचं कर्क्युमिन मोडतं, म्हणून डाग जातो. चौथा रस्ताही आहे. ती ऊर्जा वापरून रेणू शेजाऱ्याला जाऊन चिकटतो किंवा शेजाऱ्याच्या अंगावर ढकलून देतो. शेजारी म्हणजे आपल्या पेशीतला एखादा नाजूक भाग असेल, तर तिथे घडतं ते विषही असू शकतं आणि औषधही.

बावची हा चौथा रस्ता धरते. पडीक जागेत, बांधावर उगवणारं हे कमरेएवढं झुडूप. फुलं बारीक, जांभळट. शेंगेत एकच बी, काळपट, खरबरीत, मूत्रपिंडाच्या आकाराची. काष्ठौषधीच्या दुकानात पुडी बांधून मिळते. दाताखाली धरली तर कडू, ठेचली तर उग्र वास. त्या बीत सोरालेन नावाचं संयुग असतं. १९३३ साली जोइस आणि मंजुनाथ या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांचं रासायनिक परीक्षण करून ते वेगळं काढलं. झाडाच्या तेव्हाच्या शास्त्रीय नावावरून, सोरालिया, संयुगाला हे नाव पडलं.

सोरालेनचा रेणू चपटा असतो. तीन कड्या एकमेकींना जोडलेल्या, चकतीसारखा. आपल्या पेशीतला डीएनए म्हणजे पीळ दिलेली शिडी. ही चकती शिडीच्या दोन पायऱ्यांमधल्या फटीत अलगद सरकते. अंधारात ती तशीच आत बसते आणि तशीच बाहेरही येते, फारसं काही बिघडत नाही. पण ती आत असताना अतिनील ए किरण पडले, म्हणजे ३२० ते ४०० नॅनोमीटर लहरलांबीचे, आपल्या डोळ्यांना न दिसणारे, तर चकती शिडीच्या एका बाजूला पक्की चिकटते. त्याच चकतीने पुन्हा एकदा प्रकाश शोषला, तर ती दुसऱ्या बाजूलाही चिकटते. आता शिडीच्या दोन्ही बाजू एकमेकींना टाका घालून शिवल्यासारख्या होतात. पेशीला विभागायचं असेल तर ही शिडी मधोमध उघडावी लागते. टाका बसलेली शिडी उघडत नाही. पेशीची वाढ थांबते, टाके फार झाले तर ती मरते.

आता ताईच्या हाताचं कोडं सुटतं. साधं ऊन लागलं तर त्वचा १२ ते २४ तासांत सर्वात लाल होते. सोरालेन आणि ऊन मिळून जे भाजतं ते उशिरा वर येतं, ४८ ते ७२ तासांनी, कधी त्याहूनही उशिरा. दुसऱ्या दिवशी हात गुलाबी दिसत होता तेव्हा भाजणं अजून चढणीवरच होतं. त्यावर तिने दुसरा डोस घेतला. म्हणूनच रुग्णालयात हा उपचार लागोपाठच्या दिवशी देत नाहीत, मध्ये दिवस सोडतात. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. खिडकीची साधी काच अतिनील बी, म्हणजे त्याहून आखूड लहरींचे, किरण बरेच अडवते, अतिनील ए मात्र तिच्यातून आत येतात. खिडकीत बसलो म्हणजे ऊन लागत नाही, हा हिशेब इथे चुकतो.

झाडाला हे संयुग कशाला हवं? स्वतःच्या रक्षणाला. पान कुरतडणारी अळी उन्हात बसून खात असेल, तर पोटात गेलेलं सोरालेन आणि अंगावर पडणारं ऊन मिळून तिलाच शिवून टाकतात. अमेरिकेतल्या कीटकशास्त्रज्ञ मे बेरेनबॉम यांनी यावर १९७० च्या दशकापासून काम केलं. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की अशा झाडांवर जगणाऱ्या काही अळ्या आधी पान गुंडाळून घेतात, सुरळी करतात आणि आत अंधारात बसून खातात. विष तेच, पण उजेड बंद. शत्रूच्या हत्याराचा अर्धा भाग काढून घ्यायचा ही युक्ती त्या किड्याला केव्हाच जमलेली आहे.

माणसाला ते अनुभवानेच कळतं. अंजिराच्या पानातून, कोवळ्या फांदीतून येणाऱ्या चिकात सोरालेन असतं, फळाच्या गरात नसतं. उन्हात छाटणी करताना किंवा फळ तोडताना तो चीक मनगटाला लागला तर दोन दिवसांनी तिथे चट्टा उठतो, आणि तो गेला तरी मागे काळसर डाग महिनोन्‌महिने राहतो. लिंबाच्या सालीतही ही संयुगं असतात. भर उन्हात सरबतासाठी ढीगभर लिंबं पिळून हात न धुता तसंच काम केलं तर बोटांवर असे डाग पडू शकतात. हात धुवावेत, एवढंच. सरबत प्यायला काही हरकत नाही.

झाड आणि ऊन यांची ही जोडी औषध म्हणून फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात किलासावर, म्हणजे पांढऱ्या डागांवर, एक सूक्त आहे. रात्री उगवलेल्या काळ्या वनस्पतीला त्यात विनवलं आहे की या डागांना रंग दे. ती वनस्पती बावचीच, असं सर्रास सांगितलं जातं, पण सूक्तात बावचीचं नाव नाही. मला त्याहून महत्त्वाची वाटते चरकसंहितेतली नोंद. श्वित्रावर, म्हणजे कोडावरच, मलपूचा, म्हणजे काळ्या उंबराचा, रस गुळाबरोबर द्यावा आणि मग अंगाला तेल लावून ऊन घ्यावं, असं तिथे सांगितलं आहे. काळा उंबर हा अंजिराचाच भाऊबंद. किती ऊन घ्यावं, तर ‘यथाबलं’, सोसेल तेवढं. औषधाबरोबर उन्हाची मात्राही सांगावी लागते हे त्या वैद्याला कळलेलं होतं, फक्त मोजायचं साधन हाताशी नव्हतं.

इकडे बावची तसं तिकडे इजिप्तमध्ये नाईलच्या काठी अम्मी मेजस नावाचं, आपल्या ओव्याच्या कुळातलं झाड. तेराव्या शतकात इब्न अल-बैतार या वैद्याने त्याच्या बिया खाऊन उन्हात बसण्याच्या उपचाराबद्दल लिहून ठेवलं आहे. १९४७ साली तिथल्या फहमी आणि अबू-शादी यांनी त्या बियांतून शुद्ध संयुगं काढली आणि पुढच्याच वर्षी अब्देल मोनेम अल-मोफ्ती यांनी त्यातलं मेथॉक्सिसोरालेन, सोरालेनचंच एक रूप, कोडाच्या रुग्णांना देऊन पाहिल्याचे निष्कर्ष छापले. मग १९७४ साली अमेरिकेत हार्वर्डच्या पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅननबॉम आणि पाठक या चौघांनी सोरायसिसवर हाच उपचार केला, पण सूर्य वगळून. गोळी द्यायची, साधारण दोन तास थांबायचं आणि मग अतिनील ए किरणांच्या नळ्या बसवलेल्या कपाटात रुग्णाला मोजून तेवढीच मिनिटं उभं करायचं. सोरालेन (Psoralen) आणि अतिनील ए (UVA), दोन्हींची इंग्रजी आद्याक्षरं घेऊन नाव झालं ‘पुवा’ (PUVA). ‘सोसेल तेवढं’ची जागा ‘दर चौरस सेंटिमीटरला इतके ज्यूल’ने घेतली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं पाऊल हेच. रेणू शुद्ध झाला होताच, आता उजेडही शुद्ध आणि मोजका झाला.

सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी भराभर वाढतात, तिथे टाके घालून वाढ रोखायची हे सहज पटतं. पण कोडात तर रंग देणाऱ्या पेशीच गेलेल्या असतात. तिथे उरलेल्या पेशींना टाके घालून काय साधणार? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता.

कोड म्हणजे शरीराच्याच पांढऱ्या पेशींनी रंगपेशींवर केलेला हल्ला. जगात साधारण ०.५ ते २ टक्के लोकांना तो होतो. हल्ला करणाऱ्या टी पेशी त्वचेत दबा धरून असतात आणि पुवाने आधी त्याच मरतात. दुसरीकडे, केसाच्या मुळाशी खोलवर काही रंगपेशींची बीजं वाचलेली असतात. हल्ला थंडावला आणि उजेडाची चालना मिळाली की ती जागी होतात, वाढतात आणि केसाच्या कडेकडेने वर चढून त्वचेवर पसरतात. म्हणून बरं होणारा डाग कडेने आत भरत येतोच, शिवाय त्याच्या मधोमध प्रत्येक केसाभोवती एक तपकिरी ठिपका उमटतो. पांढऱ्या कागदावर पेनाची शाई टिपकावी तसे. ते ठिपके मोठे होत होत एकमेकांना मिळतात. जिथे केसच नाहीत, बोटांची टोकं, ओठ, तळवे, तिथे हा साठा नसतो आणि म्हणून तिथे रंग येणं फार कठीण असतं. केस पांढरे झालेल्या डागावरही तेच. डॉक्टर भिंग घेऊन डागावरचे केस का बघतात, ते यासाठी.

पुवाची दुसरी बाजूही सांगायला हवी. डीएनएला टाके घालणारी गोष्ट कर्करोगाच्या धोक्याशिवाय सुटत नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यात पुवा घेतलेल्या १,३८० रुग्णांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला गेला आणि ज्यांनी खूप वेळा उपचार घेतला त्यांच्यात त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मेथॉक्सिसोरालेन आणि अतिनील ए यांची जोडी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या यादीत. सोरालेन डोळ्याच्या भिंगातही पोहोचतं, म्हणून गोळी घेतल्यावर दिवसभर अतिनील किरण अडवणारा चष्मा लावावा लागतो, घरात खिडकीजवळ बसलं तरी. गोळीने मळमळ होते. गरोदरपणी आणि लहान मुलांना ही गोळी देत नाहीत. आज बहुतेक ठिकाणी कोडावर पुवाऐवजी ३११ नॅनोमीटरचे अरुंद पट्ट्यातले अतिनील बी किरण वापरतात. त्यात सोरालेन लागतच नाही. बावचीने दाखवलेला रस्ता आहे, पण बावची मागे राहिली.

आपल्याकडे मात्र हे कपाट सगळीकडे नाही आणि ऊन फुकट आहे, म्हणून सोरालेन आणि सूर्य हा उपचार त्वचारोगतज्ज्ञ अजूनही देतात. तो चुकीचा नाही. त्यात ते बहुधा सौम्य सोरालेन निवडतात, सुरुवात अगदी थोड्या मिनिटांनी करतात, मध्ये एक दिवस सोडतात आणि दर वेळी त्वचा पाहून वेळ वाढवतात. लावायचं द्रावण एक टक्क्याचंही फार तिखट पडतं, ते पातळ करून देतात. दुकानातल्या बावचीच्या तेलात सोरालेन किती आहे हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. बी कुठल्या रानातली, तेल कसं काढलं, यावर ते ठरतं. एप्रिलमधलं साताऱ्याचं ऊन आणि डिसेंबरमधलं ऊनही सारखं नसतं. दोन्ही आकडे माहीत नसताना केलेला हा गुणाकार आहे. बावचीची पूड पोटात घेणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा, त्यातून यकृताला इजा झाल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले गेले आहेत.

आता त्वचेपासून जरा दूर जाऊ, कारण या टाक्याचे सर्वात देखणे उपयोग शरीराबाहेर आहेत. १९८७ साली येल विद्यापीठातल्या रिचर्ड एडेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. रुग्णाचं रक्त यंत्रात घ्यायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांत मेथॉक्सिसोरालेन मिसळून बाहेरच त्यांच्यावर अतिनील ए पाडायचे आणि रक्त परत द्यायचं. त्वचेत पसरणाऱ्या टी पेशींच्या कर्करोगावर हा उपचार १९८८ मध्ये अमेरिकेत मान्य झाला. अस्थिमज्जा बदलल्यावर दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उठतात तेव्हाही तो देतात. दर वेळी शरीरातल्या पांढऱ्या पेशींचा लहानसा वाटाच या उजेडातून जातो, पण त्या मरणाऱ्या पेशी परत जाऊन बाकीच्या फौजेचा पवित्रा बदलतात.

दुसरा उपयोग प्लेटलेटच्या पिशवीचा. डेंग्यूच्या दिवसांत ज्यांनी रक्तपेढ्यांच्या चकरा मारल्या आहेत त्यांना ठाऊक असेल की प्लेटलेट फ्रीजमध्ये ठेवत नाहीत, २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवतात. एवढ्या उबेत चुकून शिरलेले जिवाणू वाढतात. यावर तोडगा म्हणून सोरालेनचं प्रयोगशाळेत घडवलेलं भावंड, अ‍ॅमोटोसॅलेन, पिशवीत घालून अतिनील ए देतात. जिवाणू असो वा विषाणू, त्याच्या डीएनए-आरएनएला टाके बसतात आणि तो पुढे वाढूच शकत नाही. प्लेटलेटला मात्र केंद्रक नसतं, तिला विभागायचंच नसतं, म्हणून ती बिनधोक राहते. अमेरिकेत याला २०१४ च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली. ज्या हत्याराने झाड अळीला मारतं, तेच इथे अनोळखी माणसाने दिलेलं रक्त स्वच्छ करतं. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता त्याचाच विचार करत बसलो होतो.

सगळे वनस्पतिज रेणू टाके घालत नाहीत. काही जण शोषलेली ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतात. तो ऑक्सिजन चवताळतो आणि काही मायक्रोसेकंदांच्या आयुष्यात हाताशी येईल ते जाळतो. फार लांब तो जाऊच शकत नाही, पेशीच्या एका कोपऱ्यापुरताच. म्हणून जिथे उजेड टाकाल तिथेच जळतं. हरितद्रव्यापासून घडवलेलं टॅलापोर्फिन जपानमध्ये २००३ पासून फुप्फुसाच्या सुरुवातीच्या कर्करोगासाठी मान्य आहे. ते शिरेतून देतात आणि दुर्बीण आत घालून लाल लेसर पाडतात. लालच का, ते घरी करून बघा. खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च तळहाताखाली धरा. टॉर्चचा उजेड पांढरा, पण हातातून बाहेर येतो तो फक्त लाल. निळा-हिरवा भाग मांसातच अडतो. हळदीच्या कर्क्युमिनला निळा उजेड लागतो, त्यामुळे त्याच्यावरचे प्रयोग दातांसारख्या वरवरच्या जागी, तोंडातले जंतू मारण्यासाठी चालले आहेत. ते अजून प्रयोगच आहेत. हळद लावून निळ्या दिव्यासमोर बसायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

बावचीच्या बीत एक असाही घटक आहे ज्याला उजेडाची गरज नाही. १९६६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मेहता, नायक आणि सुखदेव यांनी तो वेगळा केला आणि झाडाच्या ‘बाकुची’ या संस्कृत नावावरून त्याला बाकुचिऑल म्हटलं. आज चेहऱ्याला लावायच्या महागड्या सीरमवर हे नाव दिसतं. त्यातलं बाकुचिऑल सोरालेन काढून टाकून शुद्ध केलेलं असतं. ‘बाकुची’ नाव बघून घरचं तेल तोंडाला चोळणं ही अगदी वेगळी गोष्ट.

कोड संसर्गाने पसरत नाही. त्याला ‘पांढरं कुष्ठ’ म्हणायची जुनी सवय आहे, पण कुष्ठरोगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. या एका शब्दाने कितीतरी मुलींची लग्नं मोडली आहेत. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन अशा लोकांना एकत्र आणण्याचं काम वर्षानुवर्षं करत आहे. ताईच्या हाताचं भाजणं एका अर्थी त्या कुजबुजीमुळेच झालं. डाग दिसू नये म्हणून घाई होती, आणि डॉक्टरकडे गेलं तर चारचौघांत कळेल ही भीती होती.

फोड भरल्यावर ती शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली. आठवड्यातून दोनदा अतिनील बी किरण, सेकंदांत मोजलेले. पहिले तीन महिने काहीच दिसलं नाही, ती कंटाळली होती. परवा तिच्याकडे गेलो तेव्हा तिने दारातच बाही वर केली. कोपराखालच्या पांढऱ्या पट्ट्यावर वीस-पंचवीस तपकिरी ठिपके होते, प्रत्येकाच्या मधून एकेक काळा केस निघालेला. दोन ठिपके एकमेकांना जोडले गेले होते. बोटांची टोकं अजून तशीच पांढरी आहेत. तिथे केस नसतात, हे आता तीच मला समजावून सांगत होती.